आईचा अंगिसा

खळ लावून कडक केलेला, फुगीर घेराचा कोतो नेसलेल्या बाईला बसता येत नाही, वाकता येत नाही आणि मोटारीच्या दारातून आत शिरता येत नाही. म्हणून दरवर्षी जूनच्या शेवटच्या दिवशी रूदी आपला वाळूचा ट्रक घासूनपुसून धुवायचा आणि एक जुलैला घरातल्या बायका हौद्यात उभ्या राहून पारामारिबोच्या बाजारपेठेपर्यंत जायच्या. गुलामीच्या बेड्या तुटल्याचा दिवस होता. खापरपणज्यांना जहाजात कोंबून आणलं होतं, यांना निदान उभं राहायला जागा आहे, असं रूदी ट्रकचं फळकूट लावताना म्हणायचा. हा विनोद तो वर्षानुवर्षं करत होता आणि वर्षानुवर्षं त्याला कोणी हसत नव्हतं. तरी तो न म्हणता ट्रक सुरू झाला असता तर बायकांना चुकल्यासारखं वाटलं असतं.

यंदा हौद्यात एक कोतो जास्त मावायचा होता. रूदीची बहीण हेर्मिना रॉटरडॅमहून आठवड्यापूर्वी आली होती, आणि येताना तिने तिकडेच शिवलेला कोतो आणला होता. त्याला पाठीला चेन होती. थोरल्या बहिणीने, लुडविनाने, चेन पाहिली आणि काही बोलली नाही. न बोलणं हे लुडविनाचं जुनं हत्यार होतं. मागल्या जूनमध्ये मा, म्हणजे त्यांची आई, गेली तेव्हा हेर्मिनाने फोनवर रडत सांगितलं होतं की नवरा अतिदक्षता विभागात आहे, मला मातीला येता येत नाही. त्यावर लुडविना 'बरं' म्हणाली होती. त्यानंतर हेर्मिनाचा नवराही गेला, वर्ष उलटलं, पण त्या 'बरं'च्या पुढे थोरल्या बहिणीने एक अक्षर टाकलं नव्हतं. आता हेर्मिना घरातच होती, तर लुडविना तिच्याशी भाच्यापुतण्यांमार्फत बोलत होती. कोणी आसपास नसेल तर भिंतीला सांगत होती की कॉफी झाली आहे.

सकाळपासून लुडविना मागच्या ओट्यावर अंगिसे घड्या घालत बसली होती. कसावा कंदाची खळ लावून, वाळवून, पत्र्यासारखा कडक झालेला चौकोनी रुमाल गुडघ्यावर घ्यायचा, दुमडायचा, टाचण्या मारायच्या की तयार. मग तो टोपीसारखा उचलून डोक्यावर ठेवता येतो. घडी कशी घातली त्यावर अंगिसा काय म्हणतो ते ठरतं, आणि ते या गावात शाळेत न गेलेल्या बाईलाही वाचता येतं. मुलीसाठी, मुरिएलसाठी तिने मोराची पिसं घातली होती. स्वतःसाठी नेहमीचंच, मागे फाकलेली तीन टोकं, म्हणजे 'बोलू दे लोकांना'. लोक नेमकं काय बोलत होते हे आता कोणालाच आठवत नव्हतं, पण लुडविनाने त्यांना परवानगी देऊन ठेवली होती.

उकडलेली कसावा, केळी, रताळी आणि वर खारवलेला मासा, असं त्या दिवसाचं ठरलेलं जेवण सकाळीच पानात पडलं. पणजोबा शेतावर हेच खात म्हणून आज हेच खायचं. हेर्मिनाने दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.

"सिसा," ती म्हणाली, "माचा अंगिसा आज कोणाच्या डोक्यावर?"

सिसा म्हणजे लुडविना. घरात सगळ्यांत थोरली म्हणून तिला भाऊबहीण नावाने हाक मारत नसत. तिने खळीचं भांडं झाकलं आणि मुरिएलला म्हणाली, "तुझ्या मावशीला सांग, जेवताना टाचण्यांपाशी बोलू नये."

प्रश्न मात्र सगळ्यांच्याच मनात होता. या घराची रीत होती की आई गेली की वर्षभर पांढरं नेसायचं, कुठे नाचायला जायचं नाही. वर्ष सरल्यावर पहिल्या एक जुलैला आईने स्वतःच्या हाताने घातलेली शेवटची घडी एका लेकीने डोक्यावर ठेवायची आणि मिरवणुकीत घरच्यांच्या पुढे चालायचं. आई तेवढ्यापुरती पुन्हा चालते. संध्याकाळी टाचण्या काढायच्या, रुमाल धुवायचा, संपलं. आणि जिने तो घातला तीच पुढे सगळ्यांच्या घड्या घालते, आईच्या खुर्चीत बसते, लग्नाबारशाला तिला आधी विचारतात. अकरा वर्षं माला न्हाऊमाखू घालणाऱ्या लुडविनाच्या मनात, हा मान आपला नाही अशी शंका कधी आली नव्हती. तरी वर्षभर माच्या अंगिशाचा डबा तिने कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला होता आणि एकालाही उघडू दिला नव्हता.

रूदी आधी हेर्मिनाच्या बाजूचा होता. त्याचं म्हणणं सोपं होतं. सिसाकडे माची खुर्ची आहे, माचा ओटा आहे, माचा स्वभाव तर आहेच आहे. हेर्मिना बिचारी चार दिवसांची पाहुणी, एवढं एकदा तिला मिरवू दे. मुरिएल शाळेत शिकवायची, म्हणून तिने मुद्दे मांडले. आजीच्या उशाशी कोण होतं, आजीला रात्री-बेरात्री कोणी उचललं, आणि फोन करणं म्हणजे उचलणं नव्हे. हेर्मिनाने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

"तिचं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण मी चार दिवसांची नाही. परतीचं तिकीट काढलेलंच नाही मी. माच्या खोलीत राहीन म्हणते."

माच्या खोलीत रूदीचे पक्षी होते. खिडकीत चार पिंजरे टांगलेले, चारांत चार काळे गाणारे पक्षी, आणि त्यांतला एक असा की रविवारच्या सकाळच्या गाण्याच्या शर्यतीत त्याच्यासमोर दुसरे पक्षी चोच उघडायला बिचकत. त्या खोलीत बरोबर सकाळचं ऊन यायचं. रूदीने आणखी थोडा मासा वाढून घेतला, सावकाश खाल्ला, हात पुसले आणि म्हणाला की नीट विचार केला तर थोरली ती थोरली, रीत ती रीत.

मुरिएल त्याच वेळी दुसऱ्या काठाला निघाली होती. आईच्या बाजूने एवढं भांडल्यावर आई उठून डबा आणील, असं तिला वाटलं होतं. आई उठली नाही.

"आई, निदान दाखव तरी," ती म्हणाली. "वर्षभर आम्ही पाहिलेलाही नाही. डब्यात आहे ना नक्की?"

"आहे."

"मग?"

"मग काय? आहे म्हटलं ना."

"आजी काय म्हणून गेली, ते आम्हांला कळू नये असं काही आहे का त्यात?"

लुडविना उठली, आत गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर रूदी म्हणाला, गेली एकदाची. आत ती कपाटापाशी स्टूल ओढत होती.

डब्यात काय आहे हे तिला वर्षभर पाठ होतं. मा पाठीशी उशा लावून बिछान्यात बसली होती, येत्या जुलैला आपण नसणार हे तिला ठाऊक होतं, तरी तिने रुमाल मागून घेतला. मा डावरी होती. तिच्या घड्या सगळ्या गावाच्या उलट पडायच्या. दुपारभर थांबत, दम खात तिने ती घडी पुरी केली आणि एक टोक डाव्या अंगाला बाहेर काढलं. दुसऱ्या कोणाचं उजवीकडे निघालं असतं, एवढाच फरक. 'कोपऱ्यावर माझ्यासाठी थांब.' ही घडी तरण्या पोरी घालतात, बँडच्या गर्दीत प्रियकराला निरोप द्यायला. नव्वदीच्या बाईने ती घातली, तेव्हा लुडविना आधी हसली होती. मग तिला हसू येईनासं झालं.

कारण तो निरोप कोणाला, हे तिला उमजलं होतं. दर जुलैला हेर्मिना फोनवर म्हणायची, पुढल्या वर्षी नक्की. दर जुलैला मा मिरवणुकीत चपलांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर थांबायची, मागे वळून गर्दीकडे बघत राहायची, आणि बँड पुढे गेला तरी हलायची नाही. लुडविना तिचा हात धरून उभी असायची. हात धरलेल्या माणसाकडे कोण बघतं? घास भरवला लुडविनाने, जखमा धुतल्या लुडविनाने, आणि शेवटचा शब्द गेला रॉटरडॅमला. तो डोक्यावर घालून गावभर मिरवायचं, म्हणजे माझ्या आईला मी पुरले नाही हे गावाला वाचून दाखवायचं. हेर्मिनाच्या डोक्यावर घालायचं, तर तेच गाव हेर्मिनाकडे बघून वाचणार. लुडविनाला दोन्ही नको होतं. तिला आईचा राग येत होता, आणि मेलेल्या आईवर रागावणं तिला शोभत नव्हतं, म्हणून तो राग तिने जमेल तसा हेर्मिनाकडे वळवला होता.

तिने टाचण्या काढल्या.

मनात असं होतं की याच रुमालाची 'बोलू दे लोकांना' घालायची, तीन टोकं मागे फाकवायची आणि बाहेर जाऊन सांगायचं की हे बघा, मा हेच म्हणून गेली, माझ्यासारखंच. एका फटक्यात प्रश्न मिटला असता. गावातल्या अर्ध्या बायकांना घडी शिकवणारी बाई, पण एवढं तिच्या ध्यानात आलं नाही की वर्षभर दुमडून राहिलेली खळ दुसरीकडे वळत नाही. ती रुमाल उजवीकडे दुमडायची, तो डावीकडे परतायचा. जोर लावला तर कापड दुमडीवर तडकेल असं दिसायला लागलं. रुमाल नव्याने धुवायचा, खळवायचा, वाळवायचा तर एक दिवस हवा, आणि बाहेर रूदी ट्रकचा भोंगा वाजवून बघत होता.

आता एकच घडी शक्य होती, जिथे मोडली होती तिथेच परत घालायची. लुडविनाचे हात उजवे होते. त्यांना उलटं जावं लागलं. अंगठा कुठे दाबायचा, कुठली कड कोणत्या कडेखाली सरकवायची, हे रुमालच सांगत होता आणि ती मुकाट्याने ऐकत होती. माच्या हयातीत तिने असं कधी ऐकलं नव्हतं. अर्ध्यात आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय. खळीवर पाण्याचा डाग पडतो, म्हणून तिने मान मागे करून बाकीची घडी चाचपून पुरी केली.

दार उघडून ती ओट्यावर आली. हेर्मिना चेन लावायची खटपट करत होती आणि मुरिएल तिला मदत करत होती. लुडविनाने अंगिसा हेर्मिनाच्या डोक्यावर ठेवला, दोन्ही बाजूंनी बसवला आणि म्हणाली, "घे. तुझाच आहे."

वर्षभरात तिच्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. रूदीने एकदा अंगिशाकडे पाहिलं, एकदा माच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं, आणि पिंजऱ्यांवर ऊन पडलेलं बघून उसासा टाकला. मुरिएलने टोक कुठे वळलंय ते पाहिलं, तोंड उघडलं आणि आईचा चेहरा पाहून मिटलं.

हेर्मिनाला मात्र काही कळलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या देशात काढली तिथे बायका डोक्याला थंडी वाजू नये म्हणून काहीतरी बांधतात, आणि त्यातून कोणी काही बोलत नाही.

ट्रक गल्लीतून निघाला तेव्हापासून लोक वाचायला लागले. शेजारच्या बाईने कुंपणाशी येऊन हात हलवला आणि ओठ दाबून घरात गेली. पुलापाशी दुसऱ्या ट्रकमधल्या बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. हेर्मिना साठी ओलांडलेली, नुकती विधवा झालेली, आणि डोक्यावर भर दिवसा प्रियकराला निरोप. लोक आपल्याला ओळखतात, किती प्रेमाने हसतात, असं ती दोनदा म्हणाली. लुडविना समोर बघत उभी होती. हौद्यात कोतोंची एवढी दाटी होती की तोंड फिरवायलाही जागा नव्हती.

बाजारपेठेत पितळी बँड लागला होता आणि मिरवणूक दुकानांच्या मोठ्या काचांसमोरून निघाली होती. या चालण्याचं नावच मुळी 'मोठा आरसा'. प्रत्येक घर आपापल्या कापडात, प्रत्येक बाई काचेत स्वतःला बघत आणि दुसरीला बघत नाही असं दाखवत. हेर्मिना घरच्यांच्या पुढे होती. चेनवाला कोतो तिला दोन्ही बाजूंनी अडखळवत होता, पण ती चालली चांगली. माचीच चाल होती, कंबर एका तालात, खांदे दुसऱ्या. लुडविनाला ते दिसलं आणि ते तिला आवडलं नाही, आणि तरी नजर हलली नाही.

ओटो त्यांना पेढीच्या दारात भेटला. पांढरा सूट, छडी, टोपी. तारुण्यात तो हेर्मिनाच्या मागे होता, पुढे टपाल खात्यात लागला, पुढे विधुर झाला, आणि आता गुडघ्यामुळे बहुतेक मिरवणुका उभ्याउभ्याच पाहायचा. त्याने टोपी काढून हेर्मिनाला अभिवादन केलं. मग त्याची नजर तिच्या अंगिशावर गेली आणि तिथेच राहिली. त्याने टोपी परत घातली, कोटाची बटणं लावली, आणि छडी काखेत मारून गर्दीतून पुढे निघाला. त्याला एवढं भरभर चालताना रूदीने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"ओटोला काय झालं?" हेर्मिनाने विचारलं.

"गुडघा सुटला असेल," रूदी म्हणाला.

चपलांचं दुकान कधीच बंद झालं होतं, पण कोपरा होता आणि काच होती. काचेपाशी ओटो उभा होता. त्याने टोपी छातीशी धरली होती. हेर्मिना जवळ आली तसा तो किंचित वाकला आणि म्हणाला की तू सांगितलंस म्हणून थांबलो, आधी सांगितलं असतंस तर तेव्हाही थांबलो असतो.

हेर्मिनाने त्याच्याकडे पाहिलं, मागे वळून बहिणीकडे पाहिलं, मग आजूबाजूच्या हसऱ्या तोंडांकडे पाहिलं. ती कोपऱ्यावर उभी राहिली. मागून येणारी मिरवणूक तिच्या कोतोला वळसा घालून पुढे जायला लागली.

"सिसा, माझ्या डोक्यावर काय लिहिलंय?"

"मुरिएलला विचार."

"मी तुला विचारतेय."

लुडविनाने आयुष्यात बरंच काही गिळलं होतं, पण आजची ही गोष्ट गिळली जाईना. "कोपऱ्यावर माझ्यासाठी थांब," ती म्हणाली. "माच्या हातची घडी आहे, मी फक्त परत घातली. मी ती मोडली होती आज सकाळी. मला ती दुसरी करायची होती. झाली नाही." ओटो ऐकत होता, त्याचं तिला भान नव्हतं. "तुझी वाट बघत इथे उभी राहायची ती. दरवर्षी. ह्याच दगडावर. बँड निघून जायचा, पाय सुजायचे, तरी उभी. मी हात धरायचे आणि ती मागे बघायची, रॉटरडॅमच्या दिशेने. शेवटचा निरोप होता तो तुला. आता पोचला. झालं?"

हेर्मिनाच्या चेहऱ्यावर दुःख येईल असं लुडविनाला वाटलं होतं. आलं ते आश्चर्य होतं.

"मला?" ती म्हणाली. "अगं, लहानपणी मिरवणुकीत मी कधी हरवले गं? मी तर कडेवर असायचे तिच्या. हरवायचीस ती तू."

"मी?"

"दरवर्षी. काचेत बघत बघत मागे राहायचीस. माला वेड लागायचं. मग घरून निघतानाच तुझा कान धरून सांगायची, लुडविना, चुकलीस तर कुठे जाऊ नकोस, चपलांच्या कोपऱ्यावर थांब माझ्यासाठी, मी येते. आणि इथे येऊन बघावं तर तू नाहीस. मग आम्ही दोघी इथे उभ्या. मला अजून आठवतं, तिचं काळीज असं धडधडायचं, मला इथे लागायचं." तिने स्वतःच्या गालावर हात ठेवला. "ती शेवटी शेवटी मागे बघायची म्हणतेस. तुझा हात धरूनच बघत असेल. म्हाताऱ्या माणसाला कुठलं वर्ष चाललंय ते काय ठाऊक!"

लुडविनाला काच आठवली. आतले लाल बूट आठवले, आणि बुटांवर उमटलेली एक लहान मुलगी, जिला आपण एवढ्या छान दिसतो हे आत्ताच कळलेलं होतं. मग रिकामा झालेला रस्ता, आणि कोपऱ्यावर मा, चेहरा रागाने काळवंडलेला, काखेत हेर्मिना. त्या रागाला ती किती घाबरली होती! पुढे जन्मभर ती एकदाही मागे राहिली नाही. सगळ्यांना मोजत, हाकत, शोधत आली, आणि आपणही कधी कोणी शोधायचं माणूस होतो, हे पार विसरली.

हेर्मिनाने दोन्ही हातांनी माचा अंगिसा टोपीसारखा वर उचलला. एक जुलैला, भर बाजारात, बाईने डोकं उघडं करायचं नसतं. ओटोने ताबडतोब पाठ फिरवली आणि काचेकडे तोंड केलं. काचेत त्याला सगळं आणखी स्पष्ट दिसत होतं, पण पाठ फिरवली होती एवढं खरं. हेर्मिनाने लुडविनाचा 'बोलू दे लोकांना' काढून आपल्या डोक्यावर ठेवला आणि माचा तिच्या डोक्यावर बसवला. टोक डावीकडे आहे ना, हे तिने दोनदा पाहिलं.

"नीट बसलाय?" तिने विचारलं.

"घट्ट होतोय थोडा," लुडविना म्हणाली. "माचं डोकं लहान होतं."

हेर्मिनाने ओटोच्या पाठीवर बोटाने टकटक केलं आणि त्याला सांगितलं की निरोप त्याच्यासाठी नव्हता, पण आलाच आहेस तर मिरवणूक संपते त्या बागेपर्यंत चल, या चेनचा भरवसा नाही, कोणीतरी मागे असलेलं बरं. ओटोने छडी काखेतून काढली, कारण गुडघा परत आला होता, आणि तो तिच्या मागे निघाला. मुरिएल निघाली. मिरवणुकीची शेपटी आली आणि गेली. रस्त्यावर बाटल्या आणि फुलं उरली.

रूदी बागेपाशी सगळ्यांची डोकी मोजून परत आला तेव्हा लुडविना अजून चपलांच्या कोपऱ्यावरच उभी होती. खळीचा कोतो तिला बसू देत नव्हता आणि तिला बसायचंही नव्हतं. तिच्याइतका मागे राहिलेला माणूस त्या रस्त्यावर दुसरा नव्हता.

"सिसा, चल ना. बँड कधीच पुढे गेला. हेर्मिना विचारतेय, पक्षी स्वयंपाकघरात टांगले तर चालतील का. तू काहीतरी बोल तिला." त्याने इकडे तिकडे पाहिलं. "आणि तू इथे कोणाची वाट बघतेयस?"

"मी कोणाचीच नाही बघत," लुडविना म्हणाली. "मला थांबायला सांगितलंय."